पाच इसा

तिसऱ्या दिवशीही मायाप्पानं तोंड उघडलं नाही. त्याची बायको लगमव्वा दुधात भाकरी कुस्करून उशाशी बसली होती आणि तो ओठ आवळून छताकडे बघत पडला होता. जेवण नाकारायला हातपाय लागत नाहीत. मान मोडलेल्या माणसाच्या हाती तेवढाच एक हट्ट उरतो आणि आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं तो एकदा तरी करून बघितलेला असतो.

"सर्जा," समोरच्या खाटेवरून मास्तर म्हणाले, "हे सिस्टरचं काम नव्हे. तुझं आहे. जा."

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सर्जेराव खोत, हातकणंगल्याकडचा वायरमन. एका सकाळी खांबावरून खाली आलो आणि मानेचा सहावा मणका गेला. मनगटापर्यंत मी माझा राहिलो. बोटं आणि छातीखालचं सगळं परकं झालं. नाईक मास्तरांचा चौथा गेला होता, त्यांना फक्त मान हलवता यायची. जयसिंगपूरच्या अलीकडे माळावर आमच्यासारख्यांसाठी एक केंद्र होतं. तिथल्या एका खोलीत आम्ही दोघं वर्षभर होतो आणि दोघं मिळून एक माणूस बरा चालवत होतो. पेपर मी मनगटानं उलटायचो, मास्तर मोठ्यानं वाचायचे. घड्याळ त्यांच्या खाटेसमोर होतं. दर अर्ध्या तासानं ते "पाठ!" म्हणून ओरडायचे, की आम्ही खुर्चीतले सगळे पुढं वाकायचो. एका जागी बसून कातडी कुजू नये म्हणून.

तिसरी खाट मायाप्पाची. धनगर, पंचविशीतला गडी. शेरडांना पाला तोडायला पिंपळावर चढला आणि फांदीसकट खाली आला. त्याचा पाचवा गेला होता. कोपर वाकायचं, पुढचा पंजा नुसता लोंबायचा.

मी खुर्ची ढकलत त्याच्या खाटेशी गेलो. माझ्या तळव्याला एक चामड्याचा पट्टा असे, त्यात चमचा खोवला की मला जेवता यायचं. म्हणजे निम्मं जेवता यायचं, निम्मं सदऱ्यावर. लगमव्वाला म्हटलं, "वाटी धर." आणि चमचा बुडवला.

"उघड तोंड."

तो गप्प.

"नको उघडूस. मी ओततोच. माझा हात हाय असा, घास कुठं जाईल त्याची ग्वाही न्हाई."

पहिला चमचा हनुवटीवर गेला. दुसरा गालावर. तिसऱ्या वेळी माझं मनगट लचकलं आणि दूध-भाकरीचा काला थेट त्याच्या कानात.

"दादा," मायाप्पा म्हणाला, "कान हाय त्यो."

तीन दिवसांत पहिल्यांदा तो बोलला होता.

"मग तोंड कुठं हाय, दाव की."

त्यानं दाखवलं. पाऊण वाटी त्यानं खाल्ली, पाव वाटी उशीनं. लगमव्वा पदर तोंडाला लावून बाहेर व्हरांड्यात गेली आणि तिथं हुंदके देऊन रडली. खांबावरून पडल्यापासून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. एखाद्याला मी उपयोगी पडलो होतो आणि त्याची चव मला लागली. खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून मायाप्पा माझा झाला. मी काय करतो ते बघायचा आणि तसंच करायला धडपडायचा. महिन्याभरात त्याला पट्टा बांधून घेतला. चमचा तोंडापर्यंत गेला त्या दिवशी मास्तरांनी "शाबास रे वाघा!" अशी आरोळी ठोकली की शेजारच्या खोलीतले विचारायला लागले, कोण चालायला लागला काय. संध्याकाळी तो आम्हाला मेंढरांच्या गोष्टी सांगायचा. कुठल्या मेंढीला कोकरू नको असतं, मग तिला कसं फसवून पाजायला लावायचं. मास्तर जन्मभर शाळेत शिकवत आलेले, पण आ वासून ऐकायचे.

पण जीव परतला तशी त्याला दुसरी खोड लागली. हाका मारायची.

"लगमेऽऽ, माशी बसली." "लगमेऽऽ, उशी सरकली." "लगमेऽऽ, ऊन आलं तोंडावर." लगमव्वा विहिरीवर असो नाहीतर चुलीपाशी, पळत यायची. पिठाचे हात घेऊन यायची. ती नसली की मामाला, म्हणजे आमच्या वॉर्डबॉयला, हाक. बारा खाटांना एक मामा, त्याच्या पायाला भिंगरी. चार दिवसांनी मामा ऐकून न ऐकल्यासारखं करू लागला. आणि लगमव्वा इतकी वाळली की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. एकदा मी तिला व्हरांड्यात उभ्या उभ्या भाकरी खाताना बघितलं. पहिला घास तोंडात, तोवर आतून हाक. तिनं भाकरी तशीच कट्ट्यावर ठेवली. कुत्र्यानं नेली.

तेव्हा मी ठरवलं की ह्याला शंभराचा नियम शिकवायचा.

हा नियम मास्तरांचा. मला त्यांनी पहिल्याच महिन्यात शिकवला होता. आमच्याकडे रीतच अशी की नव्याला जुन्यानं शिकवायचं. डॉक्टर आणि सिस्टर पहिल्या दिवशी पुष्कळ सांगतात, पण त्या दिवशी माणसाच्या कानात काही शिरत नाही. आपल्यासारखाच पडलेला माणूस सांगतो ते शिरतं.

"मायाप्पा," मी म्हटलं, "लांडगा आला रे आला, ठावं हाय न्हवं? तू तर धनगर."

"हाय की."

"तुझं तसं झालंय. आपल्याला हात न्हाईत, हाक हाय. ती उठसूट खर्चली तर खऱ्या येळी कोण येणार न्हाई. म्हणून काय करायचं, हाक मारावीशी वाटली की मनात शंभर मोजायचे. नाक खाजलं, मोज. माशी बसली, मोज. शंभर होईस्तवर निम्म्या गोष्टी आपसूक जातात. माशी काय आपल्या नाकावर घर बांधत न्हाई. शंभर झाले आणि तरी पायजे असलं, तर मार हाक."

मायाप्पानं विचार केला. "शंभर मला सरळ येत न्हाईत, दादा. आमी मेंढरं इसानं मोजतो. एक ईस, दोन इसा, असं."

"मग पाच इसा मोज. तेवढंच हुतंय."

"आणि अजून एक—" मी पुढं सांगणार होतो. पण त्यानं तिथंच मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. मेंढवाड्याच्या तोंडाशी उभं राहून मेंढरं आत सोडतात तसा सूर लावून. प्रत्येक विसाला जिभेनं टाळूवर टक् करायचा. पाच इसा झाल्यावर म्हणाला, "खरंच की! माझं कोपर दुखत हुतं, ऱ्हायलं." मास्तर व्यायामाच्या खोलीत गेले होते, नाहीतर त्यांनीही ऐकलं असतं. मी आणि लगमव्वा पोट धरून हसलो. तेवढ्यात जेवणाची गाडी आली. राहिलेलं उद्या सांगू, म्हटलं.

उद्या मी सांगितलं नाही. परवाही नाही. पोरगा इतका रंगात आला होता की भीतीची गोष्ट काढायला मला जिवावर आलं.

आणि नियम लागू पडला. आठवड्यात हाका चार-दोनवर आल्या. मामा पुन्हा धावायला लागला. लगमव्वा मला म्हणाली, "दादा, तुमच्यामुळं बूड टेकून दोन घास खाया मिळत्यात." मी मिशीतल्या मिशीत हसलो. स्वतःवर खूष असलेला माणूस आंधळा असतो. मी तर त्या दिवसांत दोन्ही डोळ्यांनी होतो.

पौषातली दुपार होती. जेवणं झाली. एक वाजता मामानं आम्हाला कुशीवर वळवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि बदलणार दुसराच कोणीतरी. आपलं आपल्याला जमत नाही. मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं, मायाप्पाला खिडकीकडे. म्हणजे एकमेकांना पाठी. थंडी होती म्हणून लगमव्वानं त्याचं घोंगडं कानापर्यंत ओढून दिलं आणि ती धुणं घेऊन विहिरीवर गेली. मास्तरांना व्यायामाला नेलं होतं. खोलीत आम्ही दोघंच.

थोड्या वेळानं मागून मोजणं ऐकू आलं. "एक, दोन, तीन..." मग टक्.

"काय रं, माशी?" मी भिंतीला विचारलं.

"बोलू नगा, दादा. चुकंल माझं."

मी गप्प बसलो. मला गंमत वाटत होती. दोन इसा, तीन इसा, चार. पाचवी ईस भरली. आता हाक येणार, म्हणून मी वाट बघितली. हाक आली नाही. पुन्हा "एक, दोन..." सुरू झालं.

गडी माझ्यापेक्षा पुढं गेला, मला वाटलं. मी शंभर सांगितले, हा दोनशे मोजतोय. मास्तर आले की सांगायचं ठरवलं. भिंतीवर एक मुंगी चढत होती, तिच्याकडे बघत मी ऐकत राहिलो.

दुसऱ्या खेपेला आवाज जड झाला. मधे थांबायचा, श्वास घ्यायचा. टक् वाजेनासं झालं.

"मायाप्पा, बास की आता. मार हाक."

"ऱ्हायल्यात... थोड्या."

तिसऱ्या खेपेला आकडे एकमेकांत मिसळायला लागले. तीन इसा झाल्या. त्यापुढं अकरा म्हणाला, बारा म्हणाला, मग पुन्हा अकरा. आणि थांबला.

मी मान वळवून बघायचा प्रयत्न केला. मला फक्त उशीची कड दिसली. मग त्याचं घोरणं ऐकू आलं. मोठं, संथ, गळ्यातून ओढल्यासारखं. मला हायसं वाटलं. लागली बिचाऱ्याला झोप. मोजता मोजता झोपला, म्हणजे माझ्या नियमाचा हाही एक फायदाच.

पाऊण तासानं लगमव्वाची पावलं वाजली. तिच्या हातातल्या बादलीची कडी किणकिणली.

"हळू," मी भिंतीकडे तोंड करूनच म्हटलं. "झोपलाय. उठवू नकोस."

ती पायथ्याशी खाली बसली. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असावी. एकदा हळूच म्हणाली, "कवा असं घोरत न्हाईत." मी म्हटलं, "दमलाय."

तीन वाजता कूस बदलायला मामा आला, बरोबर रूथ सिस्टर होती. तिनं घोंगडं बाजूला केलं आणि तिचा आवाज फाटला. "मामा, बसवा ह्याला! उठवून बसवा! नळी बघा, नळी!" लघवीची नळी मांडीखाली दबली होती. एक वाजता कूस बदलताना ती तिथं गेली असणार. पिशवी कोरडी होती. मला काही दिसत नव्हतं. मला फक्त लगमव्वाचं "काय झालं वो, काय झालं वो" ऐकू येत होतं आणि ते घोरणं, जे घोरणं नव्हतं.

त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूतली शीर फुटली होती. तिसऱ्या दिवशी तो गेला.

ही गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. लघवी तुंबली तर आम्हाला पोटात कळत नाही. पण शरीराला कळतं. रक्तदाब सरसर चढतो, डोकं घणाचे घाव घातल्यासारखं ठणकतं, तोंड लाल होतं, मानेवर घाम फुटतो. तेव्हा लगेच उठवून बसवायचं आणि नळी मोकळी करायची. दोन मिनिटांचं काम. नाही केलं तर माणूस हातचा जातो.

मास्तरांचा नियम दोन वाक्यांचा होता. "हाक मारण्याआधी शंभर मोज. पण डोकं ठणकलं तर एकसुद्धा मोजू नकोस." दुसरं वाक्य माझ्या तोंडात राहिलं होतं.

तो गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी मास्तर घड्याळाकडे बघतच नव्हते. "पाठ" म्हणून ओरडलेही नाहीत. मग म्हणाले, "सर्जा, दुसरं सांगितलं होतंस ना त्याला?"

मान आम्हा सगळ्यांना हलवता येते. मी होकारार्थी हलवली.

मास्तरांनी माझ्याकडे पुष्कळ वेळ बघितलं आणि डोळे मिटून घेतले. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी अजून केंद्रातच आहे, नव्या माणसांना मीच शिकवतो. दुसरं वाक्य आधी सांगतो, दहादा वदवून घेतो. लोक म्हणतात, खोत फार कडक आहे.

पण मला सांगायचं आहे ते हेही नाही.

पंधरा दिवसांनी लगमव्वा सामान न्यायला आली. कपाळ मोकळं. तिचा भाऊ फाटकाबाहेर जीप चालू ठेवून उभा होता. तिनं घोंगडं घेतलं, वाटी घेतली, चमच्याचा पट्टा उचलला आणि पुन्हा खाटेवर ठेवला. "हे कुणाच्या तरी कामाला यील," म्हणाली. मग माझ्या खुर्चीपाशी आली.

"दादा, एक इचारू? त्येनी हाक मारली हुती का?"

"न्हाई."

"मोजत हुतं?"

मी खाटेवरच्या पट्ट्याकडे बघत राहिलो.

"मोजतच असणार," ती म्हणाली. "आदल्या दिशी म्या म्हणलं हुतं त्येस्नी. पाच इसानं माझी भाकरी पुरी हुईत न्हाई, तीनदा मोजत जावा. हसत म्हणलं हुतं वो मी. त्येनी खरं धरलं." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडून संपलेलं असावं. "एका भाकरीपायी म्या त्येस्नी मारलं, दादा."

तिच्या तोंडाकडे बघत मी बसून होतो. मला एवढंच म्हणायचं होतं, बाई, तुझी काही चूक नाही. डोकं ठणकलं तर मोजू नको, असं त्याला सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. तू आलीस तेव्हा उठवू नकोस म्हणालो तोही मीच. तीन वाक्यं. माझा गळा धडधाकट होता. मान मोडली तेव्हा तेवढा एकच अवयव सबंध वाचला होता.

"नशीब असतं एकेकाचं," मी म्हणालो. "दुसरं काय!"

तिनं मान डोलावली. वाकून माझ्या पायांना हात लावला. त्या पायांना, ज्यांना काही कळत नाही. घोंगडं काखेत घेऊन ती व्हरांडा उतरली आणि फाटकाकडे चालायला लागली.

हाक मार, मी स्वतःला म्हटलं. आत्ता मार.

छाती भरून श्वासही घेतला. मग वाटलं, जरा थांबू. कसं सांगायचं ते जुळवू. फाटक काही जवळ नाही. शंभर मोजू आणि मग मारू.

एक, दोन, तीन. ती तुळशीपाशी पोचली. एक ईस. तिनं पदर सावरला. दोन इसा. तिसऱ्या विसाला तिनं मागं वळून बघितलं. मी मोजत राहिलो. चौथ्या विसाला जीपचं दार वाजलं.

पाच इसा झाल्या तेव्हा माळावर नुसता धुरळा होता.

हाक मी तरीही मारली. घसा फाटेपर्यंत. मामा जेवण टाकून धावत आला, रूथ सिस्टर धावत आली. दोघांची तोंडं पांढरी पडली होती.

"काय झालं? डोकं ठणकतंय का?"

"न्हाई," मी म्हटलं. "नाकावर माशी बसली हुती. उडाली."